ध्रुवसमुद्रातील मत्स्य आणि कायद्याची मुदत

१९८० सालच्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरा येथे, एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. अंटार्क्टिक सागरातील सजीव संपत्तीचे जतन हा त्याचा विषय. ह्या कराराच्या दुसऱ्या कलमात असे एक तत्त्व घातले आहे की, मासेमारीमुळे समुद्राच्या जीवसृष्टीत असा फेरबदल होऊ देऊ नये, जो दोन किंवा तीन दशकांत भरून येण्याजोगा नाही. कायद्याच्या व्यवसायात अर्धे आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांची नजर अशा वाक्यातील इतर शब्दांवरून घसरते आणि मुदतीच्या शब्दांपाशी नेमकी येऊन थांबते. दोन किंवा तीनच दशके का? ही मुदत कोणाच्या आयुष्यावरून मोजली? आपला मुदतीचा कायदा माणसाच्या हयातीच्या बेताने बेतलेला आहे. स्थावराच्या ताब्याच्या दाव्यास बारा वर्षे. अज्ञान मूल सज्ञान होण्यास अठरा वर्षे. हे आकडे माणसाच्या स्मरणशक्तीला आणि आयुर्मानाला साजेसे आहेत. परंतु ज्या जिवांसाठी हे कलम लिहिले गेले, त्यांच्या आयुष्याचे मान काय? ह्या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास ध्रुवीय समुद्रांतील मत्स्यांचा जो इतिहास हाती लागतो, तो वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या समुद्राविषयी. खारे पाणी शून्य अंशावर गोठत नाही. ते सुमारे उणे १.९ अंशापर्यंत प्रवाही राहते. अंटार्क्टिक किनाऱ्यालगतचे पाणी बारा महिने जवळजवळ ह्याच अंशावर असते. सामान्य माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याहून कमी खारे असल्यामुळे ते ह्या थंडीत गोठावयास हवे. मग तेथील मासे जगतात कसे? ह्याचे उत्तर आर्थर डीव्हरीज ह्या अमेरिकन संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात मॅकमर्डो खाडीवर काम करून शोधले. ह्या माशांच्या रक्तात साखर आणि प्रथिन ह्यांच्या संयोगाने बनलेले एक द्रव्य असते. ते बर्फाच्या सूक्ष्म कणांस चिकटते आणि त्यांस वाढू देत नाही. त्याच्याही आधीची हकीकत तर एखाद्या खटल्यातील साक्षीसारखी आहे. देवमाशांची शिकार करणारे नॉर्वेजियन खलाशी दक्षिण समुद्रात ‘बिनरक्ताचे मासे’ असतात असे सांगत. योहान रूड ह्या प्राणिशास्त्रज्ञाने ते प्रथम ऐकले तेव्हा त्यास ती थट्टाच वाटली. १९२७ साली डिटलेफ रुस्टाड ह्यास बूव्हे बेटानजीक एक फिकट पांढरा मासा मिळाला व त्याचे रक्त रंगहीन असल्याचे त्याने टिपून ठेवले. पुढे रूड स्वतः साउथ जॉर्जिया बेटावर गेला, रक्ताची परीक्षा केली आणि १९५४ साली त्याने जाहीर केले की ह्या माशाच्या रक्तात तांबड्या पेशी आणि तांबडे द्रव्य मुळीच नाही. अडाणी खलाशांची साक्ष अशा रीतीने पाव शतकानंतर ग्राह्य ठरली.

ह्या थंडीचा परिणाम रक्तावर होतो तसाच वाढीवरही होतो. पाणी थंड असले की शरीरातील सर्व व्यापार मंद चालतात. अन्नाचा सुकाळ उन्हाळ्याच्या चार महिन्यांपुरताच. म्हणून तेथील मासा सावकाश वाढतो. त्याची अंडी मोठी, पिवळ्या बलकाने भरलेली. ती फुटावयास पुष्कळदा कित्येक महिने लागतात. आपल्या किनाऱ्याचा बांगडा किंवा तारली ह्यांच्याशी तुलना करून पाहावी. आपली मासळी वर्षा-दोन वर्षांत गाभोळीवर येते व थोड्याच वर्षांत तिचे आयुष्य सरते. म्हणूनच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी तिच्या प्रजेला पुष्कळ हातभार लावते. ध्रुवाकडील माशांस असे दोन महिने देणे म्हणजे कोर्टाने एखाद्या वृद्धास दोन मिनिटांची तहकुबी देण्यासारखे आहे.

हे ज्ञान यावयाच्या आधीच घाव बसला होता. साउथ जॉर्जिया बेटावर १९०४ साली देवमाशांच्या शिकारीचे पहिले ठाणे उघडले आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला, देवमासेच उरले नाहीत तेव्हा, तेथील धंदा बंद झाला. त्यानंतर पाळी आली माशांची. तेथे संगमरवरी ठिपक्यांचा, नोटोथेनिया रोसाय ह्या शास्त्रीय नावाचा मासा विपुल होता. ह्याची पिले किनाऱ्याच्या समुद्रशेवाळाच्या बनात काही वर्षे काढतात, मग खोल पाण्याकडे उतरतात, आणि पाच-सात वर्षांची झाल्यावर अंडी घालण्यासाठी थव्यांनी एकत्र येतात. असे थवे जाळ्यास सोपे. सोव्हिएत जहाजांनी १९६९-७० च्या हंगामात ह्या माशाची जवळजवळ ४,००,००० टन पकड केली. दुसऱ्या वर्षी ती सुमारे १,००,००० टनांवर आली. त्यानंतर धंदा करण्याजोगे काही उरलेच नाही. दोन हंगाम, आणि प्रकरण निकालात निघाले!

ह्यात कायदा मोडला गेला काय? मुळीच नाही, कारण मोडण्यास कायदाच नव्हता. १९५९ साली बारा राष्ट्रांनी केलेला व १९६१ साली अमलात आलेला अंटार्क्टिक करार साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे लागू होता; साउथ जॉर्जिया चोपन्न अंशांवर, म्हणजे त्याच्या हद्दीबाहेर. आणि हद्दीच्या आत तरी काय होते? त्या कराराच्या सहाव्या कलमाने खुल्या समुद्रावरील राष्ट्रांचे हक्क जसेच्या तसे राखून ठेवले होते. शांतता आणि विज्ञान ह्या दोन उदात्त हेतूंनी लिहिलेल्या त्या दस्तऐवजात मासा कोणाच्या ध्यानातच नव्हता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कॅनबेराचा करार ह्या अनुभवातून व पुढे क्रिल नामक कोळंबीसदृश जीवाच्या मासेमारीच्या भीतीतून जन्मास आला. तो ७ एप्रिल १९८२ रोजी अमलात आला व त्याच्या आयोगाचे ठाणे टास्मानियातील होबार्ट येथे झाले. ह्या करारात दोन गोष्टी खरोखर नवीन होत्या. एक म्हणजे त्याची हद्द नकाशावरील सरळ रेघेने ठरविलेली नाही. उत्तरेचे उबदार पाणी आणि दक्षिणेचे थंड पाणी जेथे भेटतात, त्या निसर्गाच्या सीमेच्या धोरणाने ती आखलेली आहे. त्यामुळे साउथ जॉर्जिया आत आले. दुसरी गोष्ट म्हणजे केवळ पकडल्या जाणाऱ्या माशाचा विचार न करता त्यावर जगणाऱ्या व तो ज्यांवर जगतो अशा सर्वांचा विचार करण्याचे बंधन. १९८५ साली आयोगाने संगमरवरी माशाची साउथ जॉर्जियाभोवतालची हेतुपुरस्सर मासेमारी बंद केली. अर्थात चोरी होऊन गेल्यावर कुलूप लागले. पण लागले हे खरे.

येथे एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हा करार अमलात येण्याच्या अवघ्या चार महिने आधी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याच्या मार्मागोवा बंदरातूनच निघाली होती. ‘पोलर सर्कल’ हे भाड्याचे जहाज, एकवीस माणसे, आणि प्रमुख डॉ. सय्यद जहूर कासिम. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते पूर्वीचे संचालक. ९ जानेवारी १९८२ रोजी ते त्या बर्फावर उतरले. पुढे भारत ह्या कराराचा पक्षकार झाला आणि १९८६ पासून आयोगाचा सभासद आहे. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही १९९८ पासून वास्को येथेच आहे. तेव्हा होबार्टच्या टेबलाभोवती जे ठरते किंवा ठरत नाही, त्यात आपलेही एक मत असते, हे गोमंतकीय वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दोन-तीन दशकांच्या मुदतीचा हिशेब करून पाहू. संगमरवरी माशाची लूट १९७१ साली संपली. त्यापासून तीन दशके मोजली तर २००१ साल येते. बंदीपासून मोजली तर २०१५. पहिल्या तारखेस तो मासा सावरलेला नव्हता. त्याच्या पुनरागमनाची लक्षणे अलीकडे कुठे दिसू लागली आहेत. लुटीला पन्नास वर्षे झाल्यावर, २०२१ साली, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याच्या सावरण्याची वाट लांबच असल्याचे म्हटले. आणि ध्यानात घ्यावे की, हा मासा त्या समुद्रातील मंद वाढणाऱ्यांपैकी सर्वांत मंद नव्हे.

त्या मानाचा मानकरी टूथफिश. नावाप्रमाणे दातेरी, तोंडाने मोठा, दोन मीटरपर्यंत लांब व शंभर किलोहून अधिक वजनाचा होऊ शकणारा हा मासा हजार-दोन हजार मीटर खोल पाण्यात राहतो. ह्याच्या दोन जाती. अंटार्क्टिकच्या बाहेरील कडेने राहणारी पॅटागोनियन जात १८९८ साली शास्त्रात नोंदली गेली. बर्फालगत राहणारी अंटार्क्टिक जात १९३७ साली, आणि तिला डग्लस मॉसन ह्या प्रवाशाचे नाव मिळाले. ह्या माशास पोहण्यास मदत करणारी हवेची पिशवी नसते. त्याऐवजी अंगातील चरबी आणि हलकी, अर्धवट कठीण झालेली हाडे त्यास पाण्यात तरंगते ठेवतात. हीच चरबी पुढे त्याच्या जिवावर उठली, कारण तिनेच त्याच्या मांसाला खवय्यांस भुलविणारी चव दिली. १९७७ साली ली लँट्झ नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने चिलीच्या बंदरात पॅटागोनियन मासा पाहिला आणि ‘चिलियन सी बास’ असे त्याचे नामकरण केले. मासा बास जातीचा नाही. पण टूथफिश ह्या नावाने ताटात काय वाढणार! नाव बदलताच भाव बदलला, आणि नव्वदच्या दशकात मैलोगणती लांब दोर व त्यांस लावलेले हजारो गळ घेऊन जहाजे दक्षिणेच्या प्रत्येक ओसाड बेटाभोवती फिरू लागली.

ह्याचे वय मोजण्याची रीत सांगण्यासारखी आहे. माशाच्या कानात चुन्याचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यावर वर्षावर्षाची वळी चढत जातात. पूर्वी खवल्यांवरील वळी मोजीत, पण म्हाताऱ्या माशाच्या खवल्यावर ती दाटून येतात व वय कमी भरते. कानातील खड्याने खरा दाखला दिला. त्यावरून असे दिसले की हा मासा चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो, आणि रॉस समुद्रातील अंटार्क्टिक जातीचा नर सरासरीने सुमारे तेराव्या वर्षी, तर मादी सुमारे सतराव्या वर्षी प्रथम प्रजननक्षम होते. आपल्या कायद्याने सज्ञान होण्यास जो काळ लागतो, त्याहून एकच वर्ष कमी! त्यातही मादी दर वर्षी अंडी घालतेच असे नाही. मधले एखादे वर्ष ती वगळते असा अभ्यासकांचा तर्क आहे. ती अंडी घालते कोठे, हे तर कित्येक वर्षे कोणी पाहिलेच नव्हते, कारण तो विधी भर हिवाळ्यात, काळोखात, तरंगत्या बर्फाखाली, रॉस समुद्राच्या उत्तरेकडील बुडालेल्या डोंगरांवर होतो. न्यूझीलंडच्या जहाजांनी रॉस समुद्रात मासेमारी सुरू केली १९९६-९७ च्या हंगामात. ह्या माशाची अंडी समुद्रातून प्रथम वर आली ती २०१६ च्या हिवाळ्यात, न्यूझीलंडच्याच ‘जानास’ ह्या जहाजावरून. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे मासा बाजारात जात होता, आणि त्याचा जन्म कसा होतो हे कोणी पाहिलेले नव्हते.

चोरट्या मासेमारीने तर कळस केला. १९९६-९७ च्या सुमारास काही बेटांभोवती चोरांची पकड अधिकृत पकडीच्या कितीतरी पट झाली. ह्यातून निघालेले खटले कायद्याच्या अभ्यासकाने अवश्य वाचावेत. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्रान्सने क्रोझे बेटांजवळ पनामाच्या निशाणाचे ‘कामुको’ हे जहाज पकडले. सागरी कायद्याच्या संहितेतील ७३ वे कलम म्हणते की, पकडलेले जहाज वाजवी जामिनावर तत्काळ सोडावे. फ्रेंच न्यायालयाने जामीन ठरविला २ कोटी फ्रँक. हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ७ फेब्रुवारी २००० रोजी तो ८० लाखांवर आणला. त्या वेळी न्यायाधिकरणाचे अध्यक्ष होते आपले डॉ. पी. चंद्रशेखर राव. कलमाच्या शब्दांस धरून पाहिल्यास निकाल आम्हांस समजण्याजोगा वाटतो. तथापि जामिनाच्या हिशेबात जहाजाची किंमत आली, मालाची आली, दंडाची आली. माशाचे वय मात्र कोठेच आले नाही. ते यावे असे कलमात लिहिलेच नव्हते.

दुसरी हकीकत २००३ सालची. ऑस्ट्रेलियाच्या ‘सदर्न सपोर्टर’ ह्या गस्तीच्या जहाजाने हर्ड बेटाजवळून उरुग्वेच्या निशाणाच्या ‘व्हियार्सा’चा पाठलाग सुरू केला. वादळांतून, हिमनगांतून, एकवीस दिवस तो चालला आणि दक्षिण आफ्रिकेच्या व ब्रिटिशांच्या जहाजांच्या साह्याने अटलांटिक महासागरात संपला. २००५ साली पर्थच्या ज्यूरीने आरोपींस दोषमुक्त केले. हजारो मैलांच्या पाठलागाचा असा शेवट ऐकून पुष्कळांस हसू येते. ज्याने फौजदारी खटले चालविले आहेत त्यास येणार नाही. मासा बोटीत सापडला, हे सिद्ध करणे सोपे; तो अमुक रेघेच्या आत पकडला, हे सिद्ध करणे अवघड. ह्याच अडचणीवर उतारा म्हणून आयोगाने १९९९ साली प्रत्येक टूथफिशच्या मालास पकडीचा दाखला सक्तीचा केला. तो मे २००० पासून लागू झाला, आणि चोरीला खरा आळा त्याने घातला असे आमचे मत आहे. समुद्रावर चोर सापडत नाही. बंदरात माल उतरविताना सापडतो.

आणि मुदत? ती हळूहळू लांबली. कराराचे शब्द बदलले नाहीत, पण आयोगाच्या शास्त्रज्ञांनी पकडीची मर्यादा ठरविण्याचा जो नियम केला, त्यात क्रिलसाठी २० वर्षांचे भविष्य मोजावयाचे ठरले, आणि टूथफिशसाठी ३५ वर्षांचे. त्या ३५ वर्षांच्या अखेरीस अंडी घालणाऱ्या माशांचा साठा मासेमारीपूर्व साठ्याच्या निम्मा राहिला पाहिजे, असा तो नियम आहे. पुढे २०१६ च्या ऑक्टोबरात होबार्ट येथे रॉस समुद्राच्या सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटर भागाचे संरक्षित क्षेत्र ठरले. ते १ डिसेंबर २०१७ पासून अमलात आले, तेही ३५ वर्षांसाठी. ह्यास आम्ही लहान गोष्ट मानीत नाही. येथे कायद्याने माशाच्या आयुष्याकडे पाहून आपली मुदत बेतली. तरीही सतरा वर्षांच्या मादीच्या हिशेबाने ३५ वर्षे म्हणजे दोन पिढ्या, जेमतेम.

दुसऱ्या ध्रुवाकडे वळल्यास हे मानही तोकडे पडते. उत्तरेच्या खोल समुद्रात ग्रीनलंड शार्क राहतो. आपल्याकडील मुशीच्या कुळातला, पण आकाराने पाच मीटर. यकृताच्या तेलासाठी त्याची शिकार फार जुनी. दिव्याला तेल, पुढे औषधाला तेल, आणि कृत्रिम जीवनसत्त्व निघाल्यावर तो धंदा मागे पडला. १९३६ साली हॅन्सन ह्या डॅनिश संशोधकाने एका शार्कला खुणेची पट्टी लावून सोडले. तो पुन्हा हाती लागला १९५२ साली. सोळा वर्षांत त्याची लांबी वाढली होती आठ सेंटिमीटर! शार्कच्या कानात वय सांगणारा तसा खडा नाही, म्हणून ह्या सूचनेचा पाठपुरावा होण्यास आणखी सहा दशके लागली. २०१६ साली युलियस नील्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस माद्यांच्या डोळ्यांतील भिंगाच्या गाभ्याची किरणोत्सर्गी कार्बनाने परीक्षा केली. हा गाभा जन्मापूर्वी तयार होतो व पुढे बदलत नाही. सर्वांत मोठ्या मादीचे वय निघाले सुमारे ३९२ वर्षे, अंदाजातील फरक १२० वर्षांचा; आणि मादी प्रजननक्षम होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागतात. फरक पुरता वजा केला तरी ती मादी पेशवाईच्या उत्तरार्धात पोहत होती. ह्या शार्कला पिले होतात तीही थोडी. गाभण मादी शास्त्रज्ञांच्या नजरेस क्वचितच पडली आहे, आणि १९५७ साली नोंदलेल्या एकीच्या पोटात दहा पिले होती.

उत्तर ध्रुवाभोवतीचा मध्य समुद्र बर्फ वितळल्यामुळे उघडा पडू लागला, तेव्हा ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे एक करार झाला. आधी मासेमारी, मग पश्चात्ताप, हा दक्षिणेचा क्रम तेथे उलटा करण्यात आला: मासे आहेत किती हे कळेपर्यंत व्यापारी मासेमारी करावयाची नाही. असा करार आधी कोठे झाल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि करणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. त्याची प्रारंभीची मुदत २०२१ पासून सोळा वर्षे, पुढे कोणी हरकत न घेतल्यास पाच-पाच वर्षांनी वाढणारी. सोळा वर्षे म्हणजे हॅन्सनच्या शार्कची आठ सेंटिमीटर.

शेवटी पुन्हा दक्षिणेकडे. २०२१ च्या फेब्रुवारीत ‘पोलारस्टर्न’ ह्या जर्मन जहाजाने वेडेल समुद्रात, फिल्शनर हिमपट्ट्याजवळ, कॅमेरा तळाशी सोडला. ४२० ते ५३५ मीटर खोलीवर वाटोळे खळगे दिसू लागले, आणि ते संपेचनात. प्रत्येक खळगा पाऊण मीटर रुंद. बहुतेकांत सरासरी १,७०० हून अधिक अंडी आणि त्यांवर राखण करीत बसलेला एकेक बिनरक्ताचा मासा, रूडने परीक्षिलेल्या कुळातलाच. अभ्यासकांनी २४० चौरस किलोमीटर व सुमारे सहा कोटी घरटी असा अंदाज बांधला. त्या समुद्राच्या संरक्षणाचा प्रस्ताव होबार्टच्या आयोगापुढे २०१६ पासून आहे आणि २०२१ साली भारताने त्यास आपला पाठिंबा जाहीर केला. आयोगाचे निर्णय एकमताने व्हावे लागतात. एका सभासदाचा नकार पुरतो. २०२४ च्या अखेरपर्यंत तो प्रस्ताव मंजूर झालेला नव्हता. दर वर्षी ऑक्टोबरात प्रकरण पुकारले जाते, आणि दर वर्षी पुढली तारीख पडते.